भावोजी पुन्हा ड्यूटीवर जाणार असतील तर

अगं, काल आलीस, चहा घेतलास, लेकीच्या दहावीचं बोललीस, पण ज्यासाठी आली होतीस ते काही तुझ्या तोंडून निघेना. शेवटी चपला घालताना म्हणालीस, "ताई, हे पुढच्या महिन्यात पेन्शनवर येतायत. चाकणला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे म्हणे. पण शेजारची म्हणाली, नोकरी धरली की पेन्शन बंद होते." एवढं बोललीस आणि डोळे पुसत निघालीस. रात्री हॅरिस पुलावरच्या गाड्यांचा आवाज ऐकत मी जागीच होते. आज हातातली कामं बाजूला ठेवून तुला सगळं सांगते.

आधी तुझी भीती घालवते. भावोजींनी खासगी कंपनीत नोकरी धरली तर फौजेची पेन्शन एका रुपयानेही कमी होत नाही. पेन्शनवरचा महागाई भत्ताही चालू राहतो. पगार कितीही असो, त्याने फरक पडत नाही. नियमांचा गुंता येतो तो पुन्हा सरकारी नोकरी धरली तर. त्याकडे मी येतेच. शेजारणीने कुठलं तरी अर्धवट ऐकलं असणार. तिला दोष देऊ नकोस, पण तिच्या शब्दावर घराचा निर्णयही घेऊ नकोस.

आता मनातलं दुसरं. "पेन्शन पण घ्यायची आणि वर पगार पण, हे बरं दिसतं का?" असं भावोजीच तुला म्हणाले ना? मोठ्या मनाचा माणूस आहे, त्याला असं वाटणारच. त्यांना सांग, पेन्शन म्हणजे कुणी घातलेली भीक नाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली, १७ डिसेंबरला, नकारा खटल्याच्या निकालात हे स्पष्ट केलं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला तो हक्क आहे. म्हणून तर १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळतात. चोवीस वर्षं भावोजी बर्फात नि वाळवंटात राहिले, तू दोन पोरं एकटीने वाढवलीस, त्या वर्षांची मजुरी आत्ता हप्त्याने घरी येणार आहे. पुढे ते जे काम करतील त्याची मजुरी वेगळी. दोन्ही घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या आईला आठव. अण्णा गेले तेव्हा तू सातवीत होतीस. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची त्यांची पेन्शन आईच्या नावावर झाली आणि तेवढ्यावर तिने आपल्याला उभं केलं. दर नोव्हेंबरात ती इस्त्रीचं लुगडं नेसून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायची. मला सोबत न्यायची. परत येताना म्हणायची, "आता वर्षभर कुणापुढे हात पसरायला नको." तेव्हा मला ते नुसतं पैशाचं बोलणं वाटायचं. त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला, आमच्या घरी हे रिटायर झाल्यावर. तोच तुला सांगायचाय, बाकी सगळे बारकावे त्याच्यामागून येतात.

हे लीडिंग फायरमन म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, २०२१ ला. महापालिकेची पेन्शन चालू झाली. पहिले दोन महिने घरात बसून काढले. रस्त्यावरून बंब गेला की जेवत्या ताटावरून उठून खिडकीशी जायचे. तुला आठवत असेल, १ डिसेंबर २०१९ ला आपल्या दापोडीतच ड्रेनेजच्या खड्ड्यात मातीखाली अडकलेल्या माणसाला काढताना अग्निशमन दलाचा एक जवान गेला. त्या रात्री यांची ड्यूटी नव्हती, तरी हे धावले होते. त्यानंतर कितीतरी रात्री झोपेतून उठून बसायचे. अशा माणसाला "आता आराम करा" म्हणणं म्हणजे शिक्षाच. म्हणून एका ठेकेदारामार्फत गोडाऊनवर फायरची नोकरी आली तेव्हा मीच डबा भरून पाठवलं.

पहिल्याच दिवशी ठेकेदार म्हणाला, "काका, तुम्हाला पेन्शन आहे, तुमचं काय अडणार?" आणि त्याच कामाला दुसऱ्याला देत होता त्यापेक्षा दोन हजार कमी ठरवले. हे गप्प बसले. मीही गप्प बसले. ती आमची चूक. पेन्शन ही महापालिकेने मागच्या कामाची दिलेली, तिच्यावर ठेकेदाराचा काय अधिकार? त्याने पगारातून वाचवलेले दोन हजार म्हणजे यांच्या जुन्या सेवेची कमाई तोच खात होता की. भावोजींना कुणी असं म्हणालं तर त्यांनी शांतपणे सांगावं, "कामाचा जो दर असेल तो द्या. पेन्शनचा विषय इथे नाही." मुलाखतीत पेन्शन किती ते सांगायचीसुद्धा गरज नाही.

चार महिन्यांनी खरी परीक्षा आली. गोडाऊनचा मागचा दरवाजा, आग लागली तर बाहेर पडायचा तो, त्याच्यापुढे माल रचून ठेवलेला. भिंतीवरच्या आग विझवायच्या पाच सिलिंडरांचे काटे लालमध्ये. यांनी दोनदा सांगितलं, लिहूनही दिलं. तपासणीच्या आदल्या दिवशी रजिस्टर पुढ्यात आलं, सगळं ठीक आहे म्हणून सही करा. हे म्हणाले, "दरवाजा मोकळा करा, सिलिंडर भरून आणा, मग सही करतो." दुसऱ्या दिवशी फोन आला, उद्यापासून येऊ नका.

घरी येऊन हे ओट्यावर बसले, मान खाली. मी विचारलं, "सही केली का?" म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "मग मान वर करा." पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन जमा झाली. किराणा नेहमीसारखा भरला, लाइट बिल गेलं, धाकट्याची फी गेली. त्या दिवशी मला आईचं वाक्य उमगलं. कुणापुढे हात पसरायला नको याचा अर्थ, कुणाच्या खोट्यावर सही करायला नको. यांनी नाकारलेली सही तपासणीच्या आदल्या रात्री दुसऱ्या एका पोराने केली. मराठवाड्यातून आलेला, भाड्याची खोली, गावाकडे म्हातारे आईबाप. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या पाठीशी काही नव्हतं, यांच्या पाठीशी पेन्शन होती.

पुढे ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. गेलेल्यांत बहुतेक बायाच, आपल्यासारख्याच डबा घेऊन कामाला निघालेल्या. टीव्ही बघताना हे एक शब्द बोलले नाहीत, नुसते उठून अंगणात जाऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, आगीपासून, चोरापासून, अपघातापासून माणसं राखायचं ज्याचं काम आहे, त्याला "नाही" म्हणता आलं पाहिजे. नोकरी गेली तर घर उपाशी राहील या भीतीखाली जो उभा आहे त्याने कितीदा नाही म्हणायचं? भावोजींची पेन्शन हे त्यांचं नाही म्हणायचं बळ आहे, बयो. ते बळ टिकवणं तुझ्या हातात आहे. कसं, ते ऐक.

घर पेन्शनवर चालव. किराणा, फी, औषधं, लाइट, सगळं पेन्शनमध्ये बसव, पोट थोडं आवळावं लागलं तरी. दुसरा पगार वेगळ्या खात्यात जाऊ दे. त्यातून लेकीच्या पुढच्या शिक्षणाची साठवण कर, छप्पर दुरुस्त कर, सोन्याचा एखादा मणी कर, माझी काही हरकत नाही. फक्त एक करू नकोस. दुसऱ्या पगाराच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नकोस. आपल्याकडे रिटायर झालेल्याच्या घरी पहिल्या महिन्यातच मोशी-चिखलीच्या फ्लॅटचे एजंट येऊन बसतात. हप्ता पगारातून जाईल म्हणतात. ज्या दिवशी हप्ता पगारावर टांगला त्या दिवशी भावोजींचं नाही म्हणायचं बळ गेलं. मग पेन्शन असूनही ते त्या मराठवाड्याच्या पोराइतकेच अडकलेले.

पेन्शन विकायचा कागदही पुढे येईल. पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेता येतो. फौजेत जवानांना निम्म्यापर्यंत, राज्य सरकारात चाळीस टक्क्यांपर्यंत. तेवढी पेन्शन पंधरा वर्षं कमी मिळते, नंतर पूर्ववत होते. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मोजतात. ही रक्कम घेणं वाईट नाही, पण दोघं वही घेऊन बसा. राहिलेल्या पेन्शनमध्ये महिना भागतो का, एवढा एकच प्रश्न विचारा. भागत नसेल तर कमी विका. आणि आलेली रक्कम सहा महिने मुदत ठेवीत टाक. तेवढ्यात "दामदुप्पट करून देतो" म्हणणारे आपोआप दुसऱ्या दाराला जातात.

आता सरकारी नोकरीचं. भावोजी अजून पंचेचाळिशीच्या आत आहेत, तेव्हा हा दरवाजा बंद समजू नकोस. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव असतात, केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के. वयातून फौजेतली सगळी वर्षं वजा होतात, वर तीन वर्षांची सूट. मॅट्रिक होऊन पंधरा वर्षं सेवा झालेल्याला गट क च्या पदवीधर जागांसाठीही केंद्रात पात्र धरतात. आणि पेन्शन? केंद्राच्या नोकरीत, अधिकारी नसलेला आणि पंचावन्नच्या आत निवृत्त झालेला सैनिक असेल तर त्याची पूर्ण पेन्शन पगार ठरवताना हिशोबात धरत नाहीत. पगार त्या पदाच्या पहिल्या पायरीवर लागतो, पेन्शनवरचा महागाई भत्ताही चालू राहतो. फौजेतले अधिकारी, किंवा पंचावन्ननंतर निवृत्त होऊन परत आलेले, यांचा हिशोब वेगळा असतो. शेजारणीने ऐकलं ते बहुतेक अशांपैकीच कुणाचं असणार. निवृत्त पोलीस, कारकून यांना राज्य सरकारही ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीच्या करारावर घेतं. तिथे मानधन ठरवताना पेन्शनचा विचार होतो, म्हणून करार वाचल्याशिवाय हो म्हणू नये.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेव. माजी सैनिकाच्या कोट्यातून केंद्रात एकदा कायम नोकरी धरली की तो कोटा पुन्हा वापरता येत नाही. सूट फक्त एवढीच, की रुजू होण्याआधी आणखी कुठे अर्ज केले असतील तर रुजू होतानाच त्यांची यादी लेखी द्यायची. अनेकजण हे विसरतात आणि पुढे चांगली जागा हातची जाते. खासगी नोकरीने कोटा जात नाही. म्हणून माझं मत विचारशील तर चाकणची नोकरी धरू दे आणि संध्याकाळी अर्ज भरत राहू दे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र काढा. घोरपडीला मेस्कोचं, म्हणजे माजी सैनिक महामंडळाचं कार्यालय आहे, तिथेही नाव घाला. ते माजी सैनिकांना कामावर पाठवतात. एजंटला पैसे देऊन जागा मिळवायची पाळी आपल्यावर यायला नको.

चाकणच्या जागेबद्दल आता नीट विचारून घ्या. सिक्युरिटी एजन्सीकडे लायसन्स आहे का? २००५ च्या कायद्याप्रमाणे ते लागतंच, आणि त्याच कायद्यात फौज-पोलिसातून आलेल्यांना आधी घ्यावं असं म्हटलंय. नव्या पोराला शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात ट्रेनिंग लागतं. माजी सैनिकाला आणि पोलिसाला चाळीस आणि सोळा तास पुरतात, साधारण सात दिवस. ट्रेनिंगचे पैसे मागितले तर आधी पावती मागा. नेमणुकीचं पत्र हातात घ्या. ड्यूटी आठ तासांची की बाराची? बाराची असेल तर वरच्या चार तासांचं काय? कायद्यात जादा वेळेला दुप्पट दर आहे, "आमच्याकडे अशीच पद्धत आहे" हे उत्तर नव्हे. पीएफ कापणार का? पीएफमध्ये पहिल्यांदाच नाव लागताना पगार पंधरा हजारांच्या वर असेल तर कंपनीला बंधन नसतं, म्हणून आधीच विचारायचं. भावोजींना पीएफची पेन्शनही पुढे मिळू शकते, दहा वर्षं भरली तर. फौजेच्या पेन्शनशी त्याचा काही संबंध नाही. यांच्यासारखे अठ्ठावन्न ओलांडलेले असतील तर पेन्शनचा भाग नसतो, कंपनीचा सगळा वाटा फंडात जातो. आणि पेन्शन नि पगार दोन्ही मिळून वर्षाचं उत्पन्न धरतात, तेव्हा टॅक्सचा हिशोब मार्चपर्यंत लांबवू नका. पेन्शनचा आकडा कंपनीच्या अकाउंटला फक्त यासाठी द्यायचा, आणि तोही पगार ठरल्यावर.

तुझे स्वतःचे कागद तर आजच बघ. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुझं नाव आधारवर आहे तसंच आहे का? जन्मतारीख जुळते का? लग्नाआधीचं नाव कुठे राहिलंय का? "नंतर बघू" म्हणणाऱ्या किती बायकांना पुढे दोन-दोन वर्षं खेटे घालताना मी पाहिलंय. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर, हयात असेल त्याला मिळेल असं कर. स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटचा, पासवर्ड तुलाही ठाऊक पाहिजे. पीपीओच्या तीन झेरॉक्स काढ, एक माझ्या कपाटात ठेव. हे अभद्र बोलणं नव्हे गं. आईने ज्या दिवशी कागद शोधले ना, त्या दिवशी ते सापडले म्हणून आपण शाळेत राहिलो.

आता त्यांच्या जिवाचं. दापोडीहून चाकण नकाशात जवळ दिसतं, पण नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग चाकणचा तळेगाव चौक, यात माणसाचा दिवस जातो. बारा तासांच्या ड्यूटीला ही वाट जोडली तर घरी उरतो तो नुसता झोपायला. चोवीस वर्षं तू त्यांची वाट बघितलीस, लेकीने बाप सुट्टीपुरता बघितला. तेव्हा पहिला महिना-दीड महिना काहीच धरू देऊ नकोस. राहू दे घरात. लेकीला शाळेत सोडू दे, भाजी आणू दे, चिडू दे, चुकू दे. घराला त्यांची आणि त्यांना घराची सवय होऊ दे. मग कंपनीची बस नाशिक फाट्यावरून मिळते का, रात्रपाळी किती, हे बघून ठरवा. दोन हजार कमी पण भोसरीतली आठ तासांची नोकरी मिळाली, तर मी तीच घ्यायला सांगेन.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो मला छळतो म्हणून बोलते. गल्लीतली पोरं भरतीसाठी पहाटे सीएमईच्या, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, कडेने धावत असतात. "काका पेन्शन घेऊन आमचीच जागा घेतात," असं त्यांना वाटत असेल का? वाटत असेल, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून यांनी एक नियम केलाय. जिथे काम करायचं तिथे दोन पोरं तयार करायची. भावोजींनाही हेच सांग. त्यांच्या चोवीस वर्षांचं शहाणपण नुसतं गेटवर उभं राहिलं तर वाया जाईल, हाताखालच्याला दिलं तर त्याचं सोनं होईल.

यांना गोडाऊननंतर सात महिने काम नव्हतं. मग चाकणच्या एका कारखान्यात जागा मिळाली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारी-जुलैत आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो. तिथल्या मॅनेजरने यांना सांगितलं, "दाखल्यापुरतं नको, खरोखर ठीक पाहिजे." पगार फार नाही, पण हे ताठ मानेने जातात. १४ एप्रिलला, १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले त्या दिवशी, यांनी यंदा पॅकिंगच्या बायांना अंगणात उभं केलं. प्रत्येकीच्या हातात सिलिंडर. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. एक बाई आधी हात मागे घेत होती, म्हणाली, मला नाही जमायचं. यांनी तिच्याकडून चारदा करून घेतलं. संध्याकाळी जाताना ती यांना सांगून गेली, "भाऊ, आता घरच्या गॅसचीही भीती नाही." हे घरी आले ते थेट स्वयंपाकघरात, मला ते सांगायला. इतकं हसताना मी त्यांना रिटायर झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

भावोजींनाही असंच एखादं काम मिळू दे, एवढंच माझं मागणं आहे. पण ते मिळेपर्यंत चुकीच्या कामाला नाही म्हणता येईल एवढी सोय तू घरात करून ठेव. रविवारी दोघं जेवायला या. येताना पीपीओ, आधार आणि त्या कंपनीचं पत्र घेऊन ये. जेवणं झाली की हे नि भावोजी ओट्यावर बसतील, आपण दोघी वही घेऊन आत बसू.

तुझी,
ताई